एकाच साच्यातले वीर



मी व्याख्यानाचा विषय कळवला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्याख्यानमालेच्या चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, "पत्रिका छापायला टाकतोय. ‘खेळण्यांची चित्रकला’ असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे लाकडी ठकी वगैरे ना?" मी म्हटलं, नाही, प्लॅस्टिकचा ही-मॅन. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "चालेल. तरुण मंडळीही यायला हवीतच." आज समोर बघतोय तर तरुण मंडळी मागच्या दोन रांगांत आहेत आणि पुढे सगळे माझ्याच वयाचे. म्हणजे ज्यांनी हे खेळणं विकत आणलं ते पुढे आणि ज्यांनी ते मोडलं ते मागे, अशी आजची बैठक आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या सरांना हा विषय आवडला असता, याची मला खात्री आहे. चित्रकलेच्या पहिल्या तासाला सर फळ्याला हात लावायचे नाहीत. खिशातून टूथपेस्टचं रिकामं खोकं काढायचे, नखानं कडेचा डिंक सोडवायचे आणि खोकं सपाट करून टेबलावर पसरायचे. म्हणायचे, "आता दाखवा, चित्र कुठं संपतं आणि पुठ्ठा कुठं सुरू होतो?" आम्ही खिदळायचो. पण घडीच्या आत मुडपलेलं अर्धं अक्षर, चिकटवायच्या पट्टीवर छापलेले रंगांचे बारीक ठिपके, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. पुढे उपयोजित कलेत चाळीस वर्षं काढली, ती त्या एका खोक्याच्या जोरावर.

आज मी एक खेळणं तसंच उलगडून दाखवणार आहे. मॅटेल या अमेरिकी कंपनीनं १९८२ साली बाजारात आणलेली ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही मालिका. ही-मॅन, स्केलेटॉर आणि त्यांचा गोतावळा. हीच का? तर या खेळण्यात काटकसर आणि उधळपट्टी एकाच खोक्यात नांदताना दिसतात. साच्याच्या बाजूला पैपैची काटकसर, चित्राच्या बाजूला बेफाम उधळपट्टी. आणि माझं म्हणणं असं की, ती काटकसर झाकायलाच ही उधळपट्टी बोलवावी लागली.

आधी वस्तू बघू. (इथे मी खिशातून स्केलेटॉर काढून टेबलावर उभा केला.) हा माझ्या मुलाचा. उंची साडेपाच इंच. निळं अंग, जांभळी टोपी, चेहऱ्याच्या जागी कवटी. नीट बघा, हा उभा नाही, दबा धरून आहे. गुडघे कायमचे वाकलेले, पाय फाकलेले, मांडी छातीइतकी जाड. गुडघा हलत नाही, कोपर हलत नाही. हात खांद्यातून वर-खाली फिरतात, मान वळते, पाय कमरेतून हलतात. या पायांची गंमत अशी की ते आतून एका रबरानं एकमेकांना बांधलेले आहेत. माझ्या मुलानं आठवड्याच्या आत दोन्ही पाय ओढून हे शोधून काढलं होतं. आता कंबर बघा. धड एका बाजूला पिळायचं आणि सोडायचं. फाट्! आतली स्प्रिंग धड परत फिरवते आणि मूठ समोरच्याच्या थोबाडात बसते. साऱ्या बाहुल्यात यंत्र म्हणावं असं एवढंच.

‘बाहुलं’ म्हटलं मी. अमेरिकेत या शब्दाला बंदी होती. हासब्रो कंपनीनं १९६४ साली जी. आय. जो नावाचा बाराएक इंची सैनिक काढला, तेव्हा प्रश्न पडला की मुलगे बाहुलीशी खेळतील का आणि बाप ती विकत आणतील का. म्हणून ‘ॲक्शन फिगर’ असा शब्द घडवला गेला. कपडे बदलता येणारी, सांध्यांत वाकणारी ती बाहुलीच होती. पण नाव बदललं आणि बापाचा हात पाकिटाकडे गेला. मराठीत आपण अजून त्याला ‘बाहुला’ किंवा ‘खेळणं’ म्हणतो आणि आपल्या मुलग्यांचं त्यानं काही बिघडलेलं मी पाहिलेलं नाही.

तर मॅटेल. म्हणजे बार्बीवाले. तेव्हा कॅलिफोर्नियात हॉथॉर्न इथं त्यांचं ठाणं होतं. बार्बीच्या जोरावर मुलींचं दुकान त्यांच्या हातात होतं, मुलग्यांचं मात्र निसटत होतं. १९७६ साली एका होऊ घातलेल्या चित्रपटाची खेळणी बनवण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडे आला होता आणि रे वॅग्नर या वरिष्ठ अधिकाऱ्यानं तो परत पाठवला. चित्रपट होता ‘स्टार वॉर्स’. केनर या दुसऱ्या कंपनीनं तो घेतला, पावणेचार इंचांच्या इवल्याशा आकृत्या काढल्या आणि पुढची काही वर्षं मॅटेलवाले दुकानांच्या फळ्यांकडे बघत हात चोळत बसले. वॅग्नरना हसू नका. न पाहिलेल्या सिनेमाच्या हक्कांवर पैसे लावायला आपल्यापैकी किती जण तयार झाले असते?

उत्तर द्यायचं तर आता स्वतःचं काहीतरी हवं होतं. आणि इथून ‘कर्ता कोण’ हा वाद सुरू होतो, तो आजतागायत मिटलेला नाही.

एक दावेदार रॉजर स्वीट. मॅटेलच्या प्राथमिक आराखड्यांच्या विभागातले डिझायनर. मॅटेलची ‘बिग जिम’ नावाची एक जुनी मालिका होती, खेळाडू-शिकारी छापाचा नायक. १९८० च्या अखेरीला स्वीटनी तीन बिग जिम घेतले, त्यांना झुंजीच्या पवित्र्यात चिकटवून टाकलं आणि वर मातीचे थर चढवून दंड-मांड्या फुगवल्या. एकाला केलं रानटी योद्धा, एकाला सैनिक, एकाला अंतराळवीर. तिन्ही वॅग्नरसमोर ठेवले. युक्ती अशी की एकच बलदंड गडी कुठल्याही काळात, कुठल्याही पोशाखात खपावा. नावही मुद्दाम तसंच ठेवलं, ही-मॅन. कुठल्याही देशाचं नाही, कुठल्याही युगाचं नाही. नावातच पुरुष दोनदा आला आहे. इतकं अडाणी नाव आणि इतकं अचूक! मला तर त्याचा हेवा वाटतो.

दुसरे दावेदार मार्क टेलर. हे खरे चित्रकार. बार्बीच्या वेष्टनांवर काम केलेले, लहानपणापासून रानटी योद्धे, व्हायकिंग, ‘प्रिन्स व्हॅलियंट’ ही चित्रमालिका यांत रमलेले. स्वीटच्या त्रिकुटाच्या आधीचं त्यांचं एक रेखाटन आहे, ‘टोरॅक’ नावाच्या आदिम वीराचं. ते पाहिलं की हा ही-मॅनचा थोरला भाऊ हे लहान मूलही सांगेल. मालिकेतल्या पहिल्या पात्रांचे पोशाख, चेहरे, हत्यारं आणि तो कवटीचा किल्ला, सगळं टेलरच्या कागदावर आधी उतरलं. स्केलेटॉरची त्यांनी सांगितलेली जन्मकथा तर विलक्षण आहे. लाँग बीचच्या ‘पाइक’ या जत्रेच्या मैदानात, अंधारातून जाणाऱ्या पाळण्यात, लहानपणी त्यांनी टांगलेलं एक प्रेत पाहिलं आणि त्यांची खात्री पटली की ते खरं आहे. मोठी माणसं अर्थातच हसली. डिसेंबर १९७६ मध्ये तिथं एका दूरदर्शन मालिकेचं चित्रण चाललं होतं. कुणीतरी त्या ‘पुतळ्याचा’ हात हलवला, तो तुटला आणि आत हाड निघालं. १९११ साली ओक्लाहोमात गोळी लागून मेलेल्या एल्मर मॅकर्डी नावाच्या दरोडेखोराचं ते मसाला भरलेलं शरीर होतं. साठ-पासष्ट वर्षं जत्रांतून फिरलेलं. स्केलेटॉरच्या हसण्यामागे हा माणूस आहे, असं टेलर सांगत.

आणि तिसरा माणूस, ज्यानं दावा केल्याचं फारसं कुणी ऐकलेलं नाही, तो टोनी ग्वेरेरो. शिल्पकार. कागदावरच्या रेघेला हातात धरण्याजोगं अंग त्यानं दिलं.

शाळेत आपण प्रयोग शिकलो. ‘रामानं रावणाला मारलं.’ क्रियापद रामाच्याही मागे जात नाही आणि रावणाच्याही. भावे प्रयोग. कंपनीत बनणाऱ्या वस्तूंचा इतिहास बहुतेक वेळा भावे प्रयोगातच लिहावा लागतो. पण म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं असं नाही. माझी मोजणी अशी: पवित्रा आणि धंद्याची नजर स्वीटची, रूप टेलरचं, देह ग्वेरेरोचा. स्वीटनी २००५ मध्ये एका सहलेखकाबरोबर पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. टेलर २०२१ मध्ये गेले, तोवर ते मुलाखतींतून आपली मांडत राहिले. दोघांचं ऐकल्यावर मला दोघेही खरे वाटतात. तंट्याला एवढं दीर्घायुष्य मिळतं ते यामुळेच.

आता साचा. माझ्या मते या कथेतलं खरं पात्र तेच.

प्लॅस्टिकचं खेळणं स्वस्त असतं असं आपण म्हणतो. प्लॅस्टिक स्वस्त असतं, साचा नाही. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत आकार कोरायचा, ते घट्ट मिटायचे, वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं आत घालायचं, थंड झालं की उघडायचं. पहिला नग निघेपर्यंत खर्चाचा डोंगर. दहा लाखावा नग जवळजवळ फुकट. म्हणून खेळण्यांच्या कारखान्यात नवं पात्र काढा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, जुन्यातलं काय वापरता येईल? आपल्या घरांत थोरल्याचा सदरा धाकट्याला यायचा ना, तसं. १९८२ च्या पहिल्या फळीत आठ आकृत्या होत्या: ही-मॅन, स्केलेटॉर, मॅन-ॲट-आर्म्स, बीस्ट मॅन, टीला, मर-मॅन, स्ट्रॅटोस आणि झोडॅक. आता चिलखतं उतरवा. मॅन-ॲट-आर्म्सच्या कवचाखाली ही-मॅनचंच धड. स्केलेटॉरचे नख्यांचे हातपाय मर-मॅनलाही. बीस्ट मॅनची केसाळ छाती स्ट्रॅटोसला, तीच झोडॅकला. झोडॅकला वर स्केलेटॉरचे पंजेही. म्हणजे हा विश्वाचा तटस्थ न्यायाधीश अर्धा पशू आणि अर्धा कवटीवाला! पुढे यावर चाहत्यांनी वंशावळी रचल्या. खरं गोत्र साच्याच्या हिशेबवहीत होतं.

पुढच्या वर्षी तर कहर झाला. ‘फेकर’ नावाचं पात्र काढलं, म्हणजे तोतया ही-मॅन. काय केलं? ही-मॅनच घेतला, अंग निळं केलं, केस नारिंगी, वर स्केलेटॉरचं छातीकवच. एक नवा साचा नाही. आणि याचं कथानकात समर्थन असं की, दुष्टांनी ही-मॅनची हुबेहूब नक्कल बनवली. निळ्या कातडीची हुबेहूब नक्कल! १९८५ मध्ये ‘स्टिंकॉर’ आला, मर-मॅनचंच मुंडकं काळं-पांढरं करून. त्याचं वेगळेपण काय, तर त्याला वास येतो. प्लॅस्टिकमध्येच पॅचूलीचा वास मिसळला होता. चाळीस वर्षांनीही तो नाकाशी धरला की येतो, असं संग्राहक सांगतात. त्याच वर्षीचा ‘मॉस मॅन’ म्हणजे बीस्ट मॅनचा देह, अंगावर हिरवी लव चिकटवलेली, पाइनचा वास मारलेला. नवा आकार परवडत नाही? मग वास विका, स्पर्श विका. मला या बुद्धीचं मनापासून कौतुक वाटतं.

सगळ्यात नामी उदाहरण वाघाचं. ही-मॅनचं वाहन ‘बॅटल कॅट’. बिग जिमच्या मालिकेत एक वाघ होता, त्याचा साचा गोदामात पडून होता. बिग जिम साडेनऊ-दहा इंची, वाघ त्या मापाचा. साडेपाच इंची ही-मॅनजवळ ठेवला तर वाघ घोड्याएवढा दिसायला लागला. मग घोडाच करा! खोगीर चढवलं, शिरस्त्राण चढवलं, आणि वाघासारखा वाघ दिसू नये म्हणून रंग हिरवा, पट्टे नारिंगी. मापातली चूक हीच कल्पना झाली. जांभळी लव लावून तोच वाघ पुढे स्केलेटॉरचा ‘पँथॉर’ झाला. दोन वैऱ्यांचं वाहन एक.

आकार तेच म्हटल्यावर ओळख पटवायची जबाबदारी रंगावर आली. तिथंही हात आखडलेला. धड ज्या रंगाच्या प्लॅस्टिकचं ओतलं तोच कातडीचा रंग, वर रंगाचे जेमतेम दोन-चार हात, कारण प्रत्येक जादा रंगाला जादा माणूस आणि जादा पैसा. मग केलं काय, तर मूळ रंगच असा निवडला की दुकानात दहा पावलांवरून पात्र ओळखावं. निळ्यावर जांभळा, शेंदरी लाल, शेवाळी हिरव्यावर सोनेरी. माझे विद्यार्थी याला भडक म्हणत. मी त्यांना म्हणे, भडक नाही रे, मितभाषी आहे. तीन रंगांत माणूस सांगून दाखव मला.

आणि एवढी सगळी काटकसर करून बनवलेलं ते दबा धरलेलं, गुडघ्यात न वाकणारं बाहुलं दुकानात कशात बसून आलं? बघा आता. (पडद्यावर चित्र.)

हे रुडी ओब्रेरो यांचं काम. सुरुवातीच्या वर्षांतली मोठी खोकी, बॅटल कॅटचं, वाहनांचं, किल्ल्याचं, त्यांनी रंगवली. मॅटेलला फ्रँक फ्रॅझेटासारखं काहीतरी हवं होतं. फ्रॅझेटा हे ब्रुकलिनचे. १९६६ पासून त्यांनी कोनन या रानटी वीराच्या स्वस्त कागदी आवृत्त्यांना मुखपृष्ठं केली आणि पुस्तकांच्या दुकानाचा रंगच पालटला. त्यांची रचना एकदा ओळखता आली की सगळीकडे दिसायला लागते. डोळ्यांची पातळी खाली, जवळजवळ जमिनीला टेकलेली. मध्ये मातीचा, हाडांचा, प्रेतांचा ढीग. त्या ढिगावर त्रिकोणाच्या शेंड्यासारखा वीर. बाजूचं सगळं धुरकट, अंधारं, जवळजवळ न रंगवलेलं, आणि प्रकाशाची एकच सुरी मधोमध घुसलेली. चित्रकारानं कडा सोडून द्यायच्या आणि मधल्या चार इंचांत जीव ओतायचा. ओब्रेरोंनी हीच रीत खोक्यावर आणली. आपण किल्ल्याच्या पायाशी, मान वर करून उभे आहोत. वर धूर आहे, गंधकाचं आभाळ आहे. ही-मॅनच्या पाठीचा प्रत्येक स्नायू पिळवटलेला आहे आणि हिरवा वाघ उडी घेतोय. ज्या वाघाचा एकही पाय हलत नाही तो.

खोक्यावर चित्रच का हवं, फोटो का नको, याचं एक साधं कारणही आहे. लहान आकृत्या पुठ्ठ्यावर, पारदर्शक फुग्यात बसवून टांगलेल्या असत. पोराला आतलं दिसायचं. किल्ला मात्र बंद खोक्यात. आत काय आहे ते झाकणानंच सांगायचं. आणि आत काय होतं? ‘कॅसल ग्रेस्कल’. टेलरचा आराखडा, जबड्यातून पूल खाली पडणारा कवटीचा किल्ला, मालिकेतली सगळ्यात सुंदर वस्तू. नावात करडा रंग, अंगानं हिरवा. पोकळ प्लॅस्टिकचे दोन अर्धे, बिजागरीवर उघडणारे. हे दाबाच्या ओतकामाचं काम नव्हे. गरम प्लॅस्टिकच्या नळीत हवा फुंकून ती साच्याच्या भिंतीला फुगवून बसवायची, तेलाचे डबे-कॅन करतात तशी. अशा फुंकलेल्या मालाच्या कडा गोल, बोथट निघतात. टेलरनं ते हेरलं. दगड, झीज, वितळलेली कवटी अशाच गोष्टी कोरल्या की जिथं बोथटपणा शोभेल. आत मात्र पुठ्ठा आणि स्टिकर. सिंहासनाखाली चोरदरवाजा, दोरीचा पाळणा आणि तळघराच्या जाळीतून वर बघणारे राक्षस. ते राक्षस म्हणजे जमिनीवर चिकटवलेलं एक स्टिकर! सरांचा प्रश्न इथं विचारावा. चित्र कुठं संपतं आणि पुठ्ठा कुठं सुरू होतो? त्या पोरांना सांगता आलं नसतं. मलाही येत नाही.

पुढची बरीच खोकी विल्यम जॉर्ज यांची. माझा कल ओब्रेरोंकडे, पण जॉर्जवर अन्याय करायचा नाही. तोवर मालिका फुगली होती आणि त्यांना प्रत्येक खोक्यावर गर्दी मावेल तेवढी भरावी लागे, कारण चित्रातलं प्रत्येक पात्र म्हणजे शेजारच्या फळीवरचा माल. अशा चित्रात अंधार चालत नाही. सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यांच्या चित्रांत आभाळ निळं झालं, खडक गुलाबी झाले, आणि ढिगावरचा एकटा वीर जाऊन तिथं जत्रा भरली. आकृत्यांच्या पुठ्ठ्यामागची चित्रं एरॉल मॅकार्थी यांची. ठसठशीत, घट्ट रेघेची, पात्रापात्राच्या लकबी जपणारी. यांतल्या कुणाचीही ओळख खोक्यावर नव्हती. बऱ्याच वर्षांनी मुलाखतींतून, मोठी झालेली ती पोरंच एकेक नाव शोधत गेली, तेव्हा ही माणसं उजेडात आली.

आता बाहुल्याबरोबर मिळणारी ती चिमुकली पुस्तिका. मॅटेलची मंडळी सांगतात की एका बड्या दुकानदारापुढे माल मांडताना प्रश्न आला, केनरकडे सिनेमा आहे, तुमचा हा कोण ते पोरांना कळणार कसं? तेव्हा ऐन वेळी उत्तर दिलं गेलं की प्रत्येक बाहुल्याबरोबर गोष्टीचं पुस्तक देऊ. गोष्ट लिहिली डॉन ग्लट यांनी आणि चित्रं काढली आल्फ्रेडो अल्काला यांनी. अल्काला फिलिपिन्सचे, जन्म १९२५. ‘व्होल्टार’ या स्वतःच्या रानटी वीरावर तिकडे नाव कमावून अमेरिकेत आलेले, कोननच्या कथांवरही शाई चालवलेले. पहिल्या चार पुस्तिकांत पानाला एक चित्र आणि खाली मजकूर, आपल्या चित्रमय गोष्टींच्या पुस्तकांसारखं. त्यातला ही-मॅन राजपुत्र नाही, रानातल्या टोळीतला गडी आहे. जादूची तलवार दोन अर्ध्यांची, एक त्याच्याकडे, एक स्केलेटॉरकडे. दोन्ही जुळल्या तर किल्ला उघडतो. का? कारण दोन्ही बाहुल्यांच्या हातात अर्धी-अर्धी तलवार दिलेली होती. साच्यातून कथा निघाली, उलट नाही. आणखी एक. अल्कालांच्या टेबलावर तयार माल नव्हता, आधीचे नमुने आणि रेखाटनं होती. म्हणून त्यांच्या मर-मॅनचा चेहरा एक आणि पोराच्या हातातल्या मर-मॅनचा दुसरा. पोरांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. माणसाचा चेहरा सिनेमात एक आणि शेजारी बसल्यावर दुसरा दिसतो, हे पोरांना ठाऊक असतं.

सप्टेंबर १९८३ मध्ये फिल्मेशन कंपनीची व्यंगचित्रमालिका सुरू झाली, एकूण १३० भाग. तिच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. बहुतेकांना ही-मॅन तिथूनच माहीत आहे, पण चित्र म्हणून ती पुस्तिकांपुढे फिकी आहे. एक मात्र सांगायलाच हवं. फिल्मेशनचा धंदाही साच्याचाच होता. धावण्याची, उडी मारण्याची, ठोसा देण्याची चित्रं एकदा काढून ठेवायची आणि भागाभागांत फिरवायची. धड जुनं, प्रसंग नवा. राजपुत्र ॲडम आणि ही-मॅन यांचा चेहरा तोच, बांधा तोच. गुलाबी जाकीट काढलं की झाला ही-मॅन आणि दरबारात कुणाला ओळखू येत नाही! अमेरिकेत यावर आजही विनोद होतात. आपल्याला त्याचं काय आश्चर्य? आपल्या नाटकात मिशी लावली की सख्खा बाप पोराला ‘कोण आपण?’ म्हणून विचारतो आणि साडेसातशे प्रेक्षक ते मान्य करतात.

एक गैरसमज खोडून टाकतो. ही-मॅन म्हणजे कोनन सिनेमाची उरलेली खेळणी, केस पिवळे करून खपवलेली, असं पुष्कळ जण ठोकून देतात. मॅटेलनं १९८१ मध्ये कोननच्या खेळण्यांचा करार केला होता हे खरं. नंतर तो सोडला हेही खरं. कोननच्या मालकांनी दावाही लावला. पण ही-मॅनचं काम त्या कराराच्या आधीच सुरू झालं होतं आणि १९८९ मध्ये न्यायालयानं निकाल मॅटेलच्या बाजूनं दिला. तलवार घेतलेला उघडा बलदंड माणूस कुणा एकाच्या मालकीचा नाही. फ्रॅझेटाची सावली त्यावर आहे, ती कुणी नाकारलेली नाही, आणि सावलीवर दावा लागत नाही.

शेवट झपाट्यानं आला. स्वीटनी आपल्या पुस्तकात आकडा दिला आहे. अमेरिकेतली विक्री १९८६ मध्ये ४० कोटी डॉलर, १९८७ मध्ये ७० लाख. कारणं पुष्कळ सांगितली जातात. मला फळीवरची गर्दी हे कारण पटतं. नव्या पात्रांचे ढीग आणि खुद्द ही-मॅनच सापडेनासा. त्याच वर्षी डॉल्फ लुंडग्रेन या नटाला ही-मॅन करून काढलेला सिनेमा आला, तोही काही सावरू शकला नाही.

आपल्याकडे तो आला तेव्हा तिकडची लाट ओसरत होती. ब्लोप्लास्ट या भारतीय कंपनीच्या ‘लिओ’ खेळण्यांबरोबर मॅटेलचं जमलं आणि ‘लिओ मॅटेल’ अशा नावानं ही-मॅन भारतीय दुकानांत लागला. दूरदर्शनवरही दिसला. इथं बनलेल्या आकृत्यांचे रंग, प्लॅस्टिकची जात मूळच्यांपेक्षा जराशी वेगळी, आणि नेमक्या त्या वेगळेपणासाठी परदेशातले संग्राहक आज त्यांच्या मागे असतात. दादरला मुलाचा हात धरून मी हा स्केलेटॉर घेतला, तेव्हा खरं सांगतो, मुलाच्या हट्टासाठी नाही घेतला. पुठ्ठ्यावरच्या चित्रासाठी घेतला. घरी आल्यावर त्यानं फुगा फाडला आणि पुठ्ठा कचऱ्यात टाकला. मी तो रात्री उचलून आणला, घडी सरळ केली आणि वहीत ठेवला. तो आज बरोबर आणला आहे.

तो इथं टेबलावर ठेवतो. शेजारी हा एक ही-मॅन, माझ्या एका विद्यार्थ्यानं अमेरिकेतून आणून दिलेला. व्याख्यान संपल्यावर ज्यांना बघायचं आहे त्यांनी याचं चिलखत सोडवून पाठ बघा. खांद्यांच्या खाली बारीक उठावदार अक्षरं आहेत, नुसत्या डोळ्यांना लागणार नाहीत, मी भिंग आणलं आहे. मॅटेलचं नाव आहे, देशाचं नाव आहे आणि वर्ष आहे १९८१, दुकानात येण्याच्या एक वर्ष आधीचं, साचा कोरला तेव्हाचं. एकेक करून या, आणि कंबर पिळणार असाल तर जरा बेतानं. स्प्रिंग अजून जोरात आहे.